वेबसाइटवर कोण येतं, कशासाठी येतं

ऱ्हाईनच्या डाव्या तीरावर लुडविग्सहाफेन, पूल ओलांडला की मानहाइम, थोडं पुढे हायडेलबर्ग आणि वाल्डॉर्फ. १८६५ साली सुरू झालेल्या बीएएसएफच्या रसायन कारखान्यात, नाहीतर वाल्डॉर्फच्या एसएपीत नोकरी करणारी मराठी कुटुंबं या पट्ट्यात बरीच आहेत. त्यांच्या वेबसाइट चालतात त्या शनिवार-रविवारच्या वेळात. कुठे मंडळाच्या गणेशोत्सवाची, कुठे मुलांच्या मराठी शाळेची, कुठे घरून चालणाऱ्या डब्याची, कुठे कथकच्या वर्गाची. साइट कुणीतरी एकानं हौसेनं उभी केलेली असते आणि वार्षिक सभेत त्यालाच प्रश्न येतो, "किती लोक बघतात हो आपली साइट?" मग होस्टिंग कंपनीच्या पानावरचा सगळ्यात मोठा आकडा वाचून दाखवला जातो, टाळ्या पडतात आणि वर्षभर पुन्हा तिकडे कुणी फिरकत नाही.

तो आकडा वाचून दाखवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझं म्हणणं एवढंच, की आकडा बघण्याआधी प्रश्न ठरवा. डबे देणाऱ्या ताईंचा प्रश्न असेल, मेनू बघितलेली माणसं ऑर्डरच्या फॉर्मपर्यंत का पोचत नाहीत. मंडळाचा असेल, यंदा नव्यानं आलेल्या कुटुंबांना आपण सापडतो का. शाळेचा असेल, फीचं पान पालकांना मिळतंय का. प्रश्न असा नेमका असला की चार-पाच आकडे पुरतात, बाकीचे सोडून देता येतात. आणि जर्मनीत राहत असाल तर लागतील तेवढेच आकडे गोळा करणं कायद्यालाही धरून असतं. त्याकडे पुढे येतोच.

आधी हे आकडे येतात कुठून ते पाहू. तुमची साइट ज्या सर्व्हरवर आहे तो प्रत्येक मागणीची एक ओळ लिहून ठेवतो. त्या फाइलला लॉग म्हणतात. एक ओळ उलगडून बघितली तर सुरुवातीला मागणाऱ्याचा आयपी पत्ता, मग तारीख आणि वेळ, मग कोणती फाइल मागितली ते, मग तीन अंकी निकाल, किती बाइट पाठवले तो आकडा, आधी तो कोणत्या पानावर होता ते, आणि शेवटी ब्राउझरनं स्वतःची सांगितलेली ओळख. निकालाच्या जागी २०० असेल तर पान नीट पोचलं, ३०१ म्हणजे पत्ता बदललाय आणि नव्या जागी पाठवलं, ४०४ म्हणजे असं पानच नाही, ५०० म्हणजे सर्व्हरच्या बाजूनं काहीतरी मोडलं. तुमच्या साइटच्या लॉगमधल्या वीस ओळी एकदा स्वतः डोळ्यांखालून घाला, असं मी आवर्जून सांगेन. नंतर कोणतंही रंगीत आलेखांचं साधन वापरलंत तरी त्यामागे काय आहे ते कळलेलं असतं.

एक पान उघडलं की ब्राउझर फक्त ते पान मागत नाही. त्यातले फोटो, बोधचिन्ह, रंगरूपाची फाइल, अक्षरांची फाइल, सगळं वेगवेगळं मागतो. गणेशोत्सवाच्या पानावर तीस फोटो असतील तर एका माणसाच्या एका भेटीत पस्तीसेक ओळी पडतात. त्या प्रत्येक ओळीला ‘हिट’ म्हणतात. सभेत वाचला जाणारा आकडा बहुतेक वेळा हाच असतो. पंगतीत किती जण जेवले असं विचारलं तर आपण उठलेली पानं मोजतो, वाट्या मोजत नाही. हिट म्हणजे वाट्या. फोटो वाढवले की हिट वाढतात, माणसं तेवढीच राहतात. म्हणून हा आकडा सरळ बाजूला ठेवा.

‘पेज व्ह्यू’ म्हणजे किती पानं उघडली गेली. ‘व्हिजिट’ किंवा ‘सेशन’ म्हणजे एका बैठकीतला वावर. बहुतेक साधनं अर्धा तास हालचाल नसली की बैठक संपली असं धरतात, त्यामुळे एखाद्या आईनं शाळेचं वेळापत्रक उघडलं, मध्ये कुकर लावला आणि चाळीस मिनिटांनी पुढचं पान उघडलं तर दोन भेटी लागतात. ‘व्हिजिटर’ म्हणजे माणूस, असं आपण समजतो, पण साधन मोजतं ते ब्राउझर. घरचा लॅपटॉप, हातातला फोन आणि ऑफिसातला संगणक मिळून एकाच माणसाचे तीन होतात. उलट, मोठ्या कंपन्यांचं इंटरनेट मोजक्याच पत्त्यांतून बाहेर पडतं, त्यामुळे पत्त्यावरून मोजणाऱ्या साधनाला जेवणाच्या सुट्टीत तुमचा मेनू बघणारी अनेक माणसं एकच वाटू शकतात. थोडक्यात, व्हिजिटरचा आकडा अचूक नसतो. त्याचा उपयोग या महिन्याची मागच्या महिन्याशी तुलना करण्यापुरता, आणि तीही त्याच साधनावर. साधन बदललं की जुन्या-नव्याची तुलना थांबवा. गुगल अ‍ॅनालिटिक्सचंच बघा. ‘बाउन्स रेट’ हा शब्द तोच राहिला, पण आताच्या आवृत्तीत त्याची व्याख्या वेगळी आहे. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबलेला, दोन पानं बघितलेला किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली कृती केलेला वाचक आता ‘गुंतलेला’ धरला जातो, आणि उरलेले बाउन्समध्ये जातात.

यानंतर यंत्रं. लॉगमधल्या ओळींचा मोठा भाग माणसांचा नसतो. गुगल आणि बिंगचे शोधक बॉट असतात, अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणारे बॉट असतात, आणि वर्डप्रेसच्या लॉगिन पानावर रात्रंदिवस कड्या वाजवून बघणारे असतात. सभ्य बॉट ओळखीच्या रकान्यात आपलं नाव सांगतात, बाकीचे क्रोम ब्राउझर असल्याचं सोंग घेतात. तुमची साइट वर्डप्रेसवर नसेल आणि तरी तिच्या लॉगिन पानाची मागणी दिसत असेल, तर तो माणूस नाही हे उघड आहे. लॉगवरून हिशेब करणारी एडब्ल्यूस्टॅट्ससारखी साधनं ओळखीचे बॉट वेगळे काढतात, पण सोंगाडे राहतातच. एखाद्या दिवशी भेटी एकदम दसपट झाल्या आणि सगळ्या एकाच दूरच्या देशातून, एकेक पान उघडून गेलेल्या असल्या, तर समितीला आनंदाची बातमी कळवण्याआधी लॉग उघडा.

यातल्या एका यंत्राचा मात्र आपल्याला उपयोग आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की खाली छोटं चित्र आणि शीर्षक येतं. ते आणण्यासाठी पाठवणाऱ्याच्या फोनमधलं व्हॉट्सअ‍ॅप तुमच्या सर्व्हरकडे येतं आणि लॉगमध्ये स्वतःच्या नावानं नोंद सोडतं. त्या नोंदी मोजल्या की तुमची लिंक किती वेळा नव्यानं कुठल्यातरी गप्पांमध्ये चिकटवली गेली याचा साधारण अंदाज येतो. फॉरवर्ड केलेल्या यात येत नाहीत, तरी मराठी मंडळाच्या साइटसाठी हा आकडा बोलका आहे, कारण आपल्याकडे बातमी पसरते ती तिथूनच.

आणि नेमकी तिथेच इतर साधनांची पंचाईत होते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला माणूस कुठून आला हे सहसा कळत नाही. तो ‘डायरेक्ट’ या रकान्यात पडतो, जणू त्यानं पत्ता पाठ करून टाइप केला. यावर उपाय सोपा आहे. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन एक शेपूट जोडायचं, ज्याला यूटीएम म्हणतात. गुगलचं मोफत ‘कॅम्पेन यूआरएल बिल्डर’ हे पान ते तयार करून देतं. पालकांच्या ग्रुपला एक शेपूट, मानहाइमच्या ग्रुपला दुसरं, किराणा दुकानात लावलेल्या पोस्टरवरच्या क्यूआर कोडला तिसरं. हे शेपूट मागणीच्या ओळीतच नोंदलं जातं, म्हणून साध्या लॉगमध्येही दिसतं. कोणतंही खास साधन लागत नाही. फक्त शेपटात कुणा व्यक्तीचं नाव घालू नका. ग्रुप किंवा ठिकाण पुरे.

गाव दाखवणाऱ्या नकाशावर फार विसंबू नका. आयपी पत्त्यावरून काढलेलं ठिकाण हा अंदाज असतो. लुडविग्सहाफेनच्या घरात बसलेला वाचक मानहाइमचा किंवा फ्रँकफर्टचा दिसू शकतो, व्हीपीएनवर असेल तर आणखी कुठला. देश बहुतेक वेळा बरोबर येतो, शहर येईलच असं नाही. "आपल्या गावातून फक्त चारच जण" असा निष्कर्ष काढून स्थानिक कार्यक्रम बंद करणं म्हणजे चुकीच्या मापानं कापड फाडणं.

वेळेचा आलेख मात्र वाचण्यासारखा असतो, आणि इथे परदेशातल्या मराठी साइटची गंमत वेगळी आहे. उन्हाळी वेळेत भारत जर्मनीपेक्षा साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे उन्हाळ्यात पुण्यात सकाळी आठ वाजता चहाबरोबर कुणी तुमच्या कार्यक्रमाचे फोटो बघत असेल, तर तुमच्या आलेखात ती भेट पहाटे साडेचारला उमटते. पहाटेच्या या उंचवट्याला बॉट समजून वगळू नका. देशाचा रकाना लावून बघा, आजी-आजोबा सापडतील. आणखी एक गोष्ट तपासा. तुमचं साधन दिवस कुठल्या वेळेनुसार तोडतं? लॉग पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेत असतो, अ‍ॅनालिटिक्समध्ये साइट उभारताना कुणीतरी भारतीय वेळ निवडून ठेवलेली असते. तसं असेल तर उन्हाळ्यात इथल्या रात्री साडेआठनंतरच्या सगळ्या भेटी पुढच्या दिवसात जातात, आणि नोकरदार माणसं साइट बघतात ती नेमकी त्याच वेळी.

महिन्यांची तुलना करताना तर पंचांग हाताशी ठेवाच. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे १४ सप्टेंबरला. साधन मात्र सप्टेंबरची तुलना सप्टेंबरशीच करतं आणि २०२५ मध्ये घसरण झाली म्हणून लाल बाण दाखवतं. त्यात शाळांच्या सुट्ट्या. लुडविग्सहाफेन ऱ्हाइनलँड-फाल्झ राज्यात, तर पुलापलीकडचं मानहाइम बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये. २०२५ ची उन्हाळी सुट्टी लुडविग्सहाफेनला १५ ऑगस्टला संपली होती, मानहाइमला ती १३ सप्टेंबरपर्यंत होती. चतुर्थीच्या दिवशी अलीकडची मुलं शाळेत होती आणि पलीकडची कुटुंबं सुट्टीवर. पुढच्या वर्षीच्या नोंदणीचा अंदाज बांधताना हे हिशेबात घेतलं नाही तर आकडे खरे असूनही अंदाज चुकेल. म्हणून तुलना सणाच्या दिवसापासून मागे मोजून करा: चतुर्थीआधीचे चार आठवडे यंदा आणि गेल्या वर्षी.

लहान साइटला टक्केवारीचा मोह टाळावाच लागतो. समजा, एका पानाला गेल्या आठवड्यात आठ भेटी होत्या आणि या आठवड्यात बारा झाल्या. पन्नास टक्के वाढ हे गणित बरोबर आहे, पण एका कुटुंबानं चारदा उघडलं तरी एवढा फरक पडतो. अशा साइटवर निदान तीन महिने एकत्र धरून बोला.

आता कायदा. आपल्याकडच्या हौशी साइट सगळ्यात जास्त इथेच उघड्या पडतात. आयपी पत्ता ही व्यक्तिगत माहिती ठरू शकते, आणि हा प्रश्न जर्मनीतूनच वर गेला होता. सरकारी संकेतस्थळं भेट देणाऱ्यांचे पत्ते साठवतात म्हणून पाट्रिक ब्रायर या राजकारण्यानं जर्मन सरकारवर दावा लावला, आणि युरोपीय न्यायालयानं १९ ऑक्टोबर २०१६ ला सांगितलं की दर वेळी बदलणारा आयपी पत्तासुद्धा व्यक्तिगत माहिती ठरू शकतो. २५ मे २०१८ पासून युरोपचा जीडीपीआर लागू झाला, ज्याला इथे डीएसजीव्हीओ म्हणतात. १ ऑक्टोबर २०१९ ला त्याच न्यायालयानं प्लॅनेट ४९ या सोडतवाल्या कंपनीच्या खटल्यात आधीच टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे असा निकाल दिला. आणि जर्मनीच्या टीडीडीडीजी या कायद्याचं कलम २५ सांगतं, की वाचकाच्या उपकरणावर काही ठेवायचं किंवा तिथून काही वाचायचं, आणि ते सेवेसाठी अत्यावश्यक नसेल, तर आधी परवानगी घ्या. आकडेवारी मंडळाला कितीही हवी असली तरी वाचकाला पान दाखवण्यासाठी ती अत्यावश्यक नसते.

व्यवहारात याचा अर्थ असा. गुगल अ‍ॅनालिटिक्स लावायचं असेल तर वाचकानं ‘हो’ म्हणेपर्यंत त्याची स्क्रिप्ट चालूच होता कामा नये. खाली पट्टी दिसते आणि मागे मोजणी सुरू झालेली असते, हे चालत नाही. ‘नको’ म्हणणं ‘हो’ म्हणण्याइतकंच सोपं हवं. मग ‘नको’ म्हणणारे मोजले जात नाहीत आणि आकडे अपुरे राहतात. तीस-चाळीस कुटुंबांच्या शाळेसाठी एवढा खटाटोप करून अर्धवट आकडे मिळवणं मला पटत नाही. होस्टिंग कंपनीची लॉगवर चालणारी आकडेवारी घ्या, किंवा माटोमो स्वतःच्या सर्व्हरवर बसवून लॉगवरूनच हिशेब करायला सांगा. हे साधन २०१८ पर्यंत पिविक नावानं ओळखलं जायचं. लॉगमध्ये ब्राउझर स्वतःहून पाठवतो तेवढीच माहिती असते, वाचकाच्या फोनला हात लागत नाही. आयपी पत्त्याचे शेवटचे आकडे कापण्याची सोय चालू करा आणि कच्चा लॉग काही दिवसांत पुसला जाईल असं बघा. सात दिवस हा इथला रूढ प्रघात आहे. फक्त कुकी बंद केल्या की सगळं माफ, असं मात्र धरू नका, कारण उपकरणातून माहिती वाचणंही कलम २५ मध्ये येतं.

काय मोजता, किती दिवस ठेवता आणि कोणाकडे जातं, हे साइटवरच्या डेटा-संरक्षण निवेदनात सोप्या शब्दांत लिहा. होस्टिंग कंपनीशी डीएसजीव्हीओच्या कलम २८ प्रमाणे करार करा. बहुतेक कंपन्या तो तयार देतात, आपण मान्य करून जपून ठेवायचा असतो. तक्रार झालीच तर लुडविग्सहाफेनमध्ये नोंदलेल्या मंडळाचं प्रकरण माइन्झच्या राज्य डेटा-संरक्षण आयुक्तांकडे जातं, मानहाइममध्ये नोंदलेल्याचं श्टुटगार्टला.

मराठी साइटनं एक गोष्ट तर आजच तपासावी. म्युनिकच्या न्यायालयानं २० जानेवारी २०२२ ला एका साइटमालकाला शंभर युरो भरपाई द्यायला लावली, कारण त्याची साइट अक्षरं थेट गुगलच्या सर्व्हरवरून उचलत होती आणि त्यामुळे वाचकाचा आयपी पत्ता संमतीविना गुगलकडे जात होता. त्यानंतर त्याच वर्षी जर्मनीत नोटिशींचा पाऊस पडला. आपल्या साइटवर देवनागरीसाठी मुक्ता किंवा बलू वापरलेला असतो. मुंबईच्या एक टाइपनं केलेले हे सुंदर टाइप मुक्त परवान्याचे आहेत. ती फाइल उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली की काम झालं, अक्षर तेच राहतं. साइट सांभाळणाऱ्याचं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

वाचकावर काहीही न बसवता मिळणारी सगळ्यात उपयोगी माहिती म्हणजे गुगल सर्च कन्सोल. साइट आपली आहे हे सिद्ध केलं की गुगलच्या शोधात ती कोणत्या शब्दांना दिसली, किती वेळा दिसली, किती जणांनी क्लिक केलं, हे मागच्या १६ महिन्यांचं कळतं. फार क्वचित विचारलेले शब्द खासगीपणासाठी लपवलेले असतात, पण उरलेले पुरेसे असतात. इथे प्रश्नाचं उत्तर मिळतं: नव्यानं आलेलं कुटुंब काय टाइप करतं? कुणी देवनागरीत, कुणी रोमन लिपीत, कुणी जर्मन शब्द वापरून शोधतं. तुमच्या पानावर ‘स्नेहसंमेलन’ असेल आणि लोक ‘दिवाळी कार्यक्रम’ शोधत असतील, तर शीर्षक बदला. पानावर शहराचं नाव फक्त रोमन लिपीत असेल तर देवनागरीतही लिहा.

आणि लुडविग्सहाफेनवाल्यांनी एक खास गोष्ट बघावी. बोडेनझे सरोवराच्या काठी याच नावाचं दुसरं गाव आहे, तिथल्या बोडमान-लुडविग्सहाफेन या गावाचा भाग. सुट्टीतलं सरोवर शोधणाऱ्या कुणाच्या शोधात तुमचं मंडळ दिसलं तर ‘दिसण्याचा’ आकडा फुगतो आणि क्लिक होत नाहीत. सभेत कुणी म्हणेल, "शीर्षक आकर्षक नाही." त्याआधी शब्दांची यादी उघडा. उपाय सोपा आहे: पानाच्या शीर्षकात ‘लुडविग्सहाफेन आम ऱ्हाइन’ असं पूर्ण नाव आणि शेजारी मानहाइम लिहा.

मग या सगळ्याचं करायचं काय? महिन्यातून एकदा शांतपणे बसा आणि चार गोष्टी बघा. सुरुवात ४०४ च्या यादीनं करा, कारण तिथे लगेच काम सापडतं. गेल्या वर्षीचं नोंदणीचं पान काढून टाकलेलं असतं आणि जुन्या संदेशांतून लोक अजून तिथेच येऊन आपटत असतात. तिथून नव्या पानाकडे ३०१ लावा. मग सगळ्यात जास्त उघडलेली पाच पानं बघा. संपर्काचं पान तिथे वर असेल तर खूश होण्याआधी विचार करा, हॉलचा पत्ता किंवा वर्गाची वेळ पहिल्या पानावर नसल्यानं तर लोक तिथे जात नाहीत ना? नंतर सर्च कन्सोलमधले शब्द, आणि शेवटी यूटीएमचा हिशेब. एका महिन्यात एकच बदल करा आणि तारीख लिहून ठेवा. डब्याच्या साइटवर फॉर्म सोपा केला आणि त्याच आठवड्यात दरही कमी केले, तर ऑर्डर कशामुळे वाढल्या हे कळायला मार्ग राहत नाही. ज्या पानानंतर लोक निघून जातात ते पान तुमच्या साठीच्या आईला फोनवर उघडायला सांगा. आकडे कुठे अडतंय ते दाखवतात, का अडतंय ते तिच्या बोलण्यातून कळतं.

महत्त्वाचे आकडे दर महिन्याला स्वतःच्या एका तक्त्यात उतरवा. गुगलनं अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीत नवी नोंद घेणं १ जुलै २०२३ ला थांबवलं आणि वर्षभरानं तिचे दरवाजे बंद केले. ज्यांनी उतरवून ठेवलं नव्हतं त्यांचा मागच्या वर्षांचा हिशेब गेला. नव्या आवृत्तीतही खोलात जाऊन शोधण्यासाठीची माहिती मुळात दोनच महिने ठेवलेली असते आणि ती १४ महिन्यांपर्यंत वाढवावी लागते. तक्ता साधाच असू द्या: महिना, भेटी, नोंदणी किंवा ऑर्डर, केलेला बदल, आणि सण कोणत्या तारखेला होता.

सगळी खाती मंडळाच्या ईमेलवर काढा, कुणाच्या खासगी पत्त्यावर नको. इथे दोन-तीन वर्षांचा करार संपला की माणूस पुण्याला परततो, आणि होस्टिंगचा पासवर्ड, सर्च कन्सोलचा ताबा, अ‍ॅनालिटिक्सचं खातं त्याच्याबरोबर जातं. समिती बदलते त्याच सभेत निदान दोघांना प्रवेश द्या, गेलेल्याचा काढून घ्या, आणि तो तक्ता नव्या माणसाच्या हाती सोपवा.